बाण नेमका लागला कुठे

माझा मेव्हणा बन्सीलाल चाळीसगावला राहतो आणि बोलण्यात कुणाला हार जात नाही. भेटला की विचारायचा, "का हो दाजी, कामठी अजून खुंटीलाच का?" कामठी म्हणजे बांबूचं धनुष्य. आमच्या पिंपळनेरच्या पलीकडच्या पाड्यावरच्या धनसिंग भिलानं, माझ्या दोस्तानं, ते मला बनवून दिलं होतं आणि चालवायलाही शिकवलं होतं. सत्त्याऐंशीच्या दिवाळीनंतर मी चिडून बन्सीलालला पोस्टकार्ड टाकलं : रविवारी या, माझ्या हातच्या शिकारीचं रानडुक्कर खाऊ घालतो.

डुक्कर तेव्हा मजेत माझ्या वावरातल्या शेंगा उकरत होतं. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ही म्हण माझ्यासारख्या गाढवांसाठीच केलेली आहे.

रविवारी फटफटतंय तोवर मी बांधाआड दबा धरून बसलो. डुक्कर आलं, मी तीर सोडला, ते किंचाळलं आणि नाल्याकडे सुटलं. मी ओरडत त्याच्यामागे धावलो, हरवून बसलो, आणि घरी येऊन बायकोला, तानुबाईला, सांगितलं, "छातीतच लागला. मेलंच समज. मसाला वाट."

तानुबाई आपल्या चुलीला डुक्कर शिवू देत नाही. तिनं गोठ्यामागे तीन दगड मांडले, जुनं पातेलं काढलं आणि पाट्यावर मसाला घेतला. नऊच्या एसटीतून बन्सीलाल उतरला. आल्या आल्या पातेल्यात डोकावून म्हणाला, "दाजी, यात तर काहीच नाही."

मी धनसिंगला घेऊन निघालो. मी जनावरामागे धावलो म्हणून तो वाटेतच माझ्यावर डाफरला. "तुमीन त्याना मांगे कसाले पयनात? बसू दिदं आस्तं ते जवयच बठतं. आते डोंगरलोंग चालनं पडी." वर त्याच्या घरची रीत ऐकवली : घायाळ जनावर हाती लागेपर्यंत तीर मारणाऱ्यानं अन्नाला शिवायचं नाही. त्यानं माझी फडक्यातली भाकरी काढून घेतली आणि निवांत खाऊन टाकली. तीर त्यानं मारला नव्हता ना!

शेंगांच्या पाल्यावर रक्ताचे थेंब होते. धनसिंगनं एक थेंब बोटावर घेतला आणि जमिनीकडे पाहिलं. मलाही दिसत होतं. मऊ मातीत तीन खुरांचे ठसे स्पष्ट होते आणि चौथ्याच्या जागी फरफटल्याची रेघ. मागचा पाय. छातीत बाण लागलेलं जनावर मागचा पाय कशाला ओढेल? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नाल्यात रक्त दिसेनासं झालं. धनसिंग पाण्याच्या कडेकडेनं चालत राहिला आणि एका पळसाच्या बुंध्याशी थांबला. गुडघ्याएवढ्या उंचीवर ओला चिखल घासलेला होता. आम्ही तिथेच सावलीत बसलो, जनावराला टेकू द्यावं म्हणून. त्यानं बिडी पेटवली.

"मनी मायले कायीज खावानं मन शे," तो म्हणाला. "दात नहीत तिले. बाकीनं चावास नही."

आमच्याकडे काळीज मिळतं ते ज्याच्या तीरानं जनावर पडेल त्याला. आज ते मलाच मिळणार, असं मी सकाळी धरूनच चाललो होतो.

दुपार कलली तेव्हा निरगुडीच्या झुडपातून घुरघुर ऐकू आली आणि डुक्कर थेट माझ्यावर आलं. मी तीर वगैरे विसरून शेजारच्या बाभळीवर चढलो. काटे कुठे कुठे रुतले ते सांगण्यात अर्थ नाही. धनसिंग जागचा हलला नाही. त्यानं एकच तीर सोडला, छातीच्या फासळ्यांत. जनावर दहा पावलं गेलं आणि आडवं झालं.

मी खाली उतरेपर्यंत त्यानं आपला तीर उपसून गवताला पुसला होता. मग सुरीनं डुकराच्या ढुंगणातला माझा मोडका तीर काढला आणि छातीतल्या भोकात खोचून दिला.

"हाई काय करी ऱ्हायना?" मी विचारलं.

"पाव्हना दूरथून येल शे," तो म्हणाला. "तुमनी इज्जत ऱ्हावाले जोयजे."

बांबूला टांगून डुक्कर आम्ही गोठ्यामागे आणलं. अर्धी गल्ली जमली. बन्सीलाल वाकला, छातीतला माझा तीर पाहिला आणि पहिल्यांदाच गप्प झाला. "दाजी," तो शेवटी म्हणाला, "मानलं बुवा."

दहा वर्षं मी त्याच्या तोंडून हे ऐकायला आसुसलो होतो. तेवढ्यात कुणीतरी काळीज काढून पळसाच्या पानावर ठेवलं आणि पान माझ्यापुढे सरकवलं. धनसिंग दुसरीकडे पाहत सुरी धूत होता. मला त्या क्षणी माझीच किळस आली.

"हा तीर त्यानं खोचलाय," मी म्हणालो. "मारला त्यानंच. माझा ढुंगणात लागला होता. आणि डुक्कर अंगावर आलं तेव्हा मी बाभळीवर होतो."

मग तानुबाई पदर तोंडात घालून हसायला लागली, आणि बन्सीलाल तर भिंतीला टेकून खालीच बसला. धनसिंग माझ्यावर वैतागला, "इतलं मी करं, आनि तुमीन बठ्ठं सांगी टाकं!" पण हसू त्यालाही आवरेना.

पातेलं चढलं. जेवणाआधी मीच ते पान घेऊन पाड्यावर गेलो. धनसिंगची आई दारात बसली होती. तिनं पान हुंगलं आणि विचारलं, "कोना तीर?"

"धनसिंगना," मी म्हणालो.

"मंग नरम व्हई," म्हातारी म्हणाली आणि सुनेला चूल पेटवायला सांगितली.