कानाने शिजवलेला रागू

मी एक जुनी मातीची हंडी आहे, मित्रांनो. बूड काळंकुट्ट, काठाचे दोन टवके उडालेले. पण आतली झिलई अजून शाबूत आहे आणि तिचा मला गर्व आहे. बोलोन्या शहराच्या पूर्वेला, सपाट शेतांच्या मुलखात एका कुंभाराने मला घडवलं आणि माझ्या मालकिणीच्या, दिर्चेच्या आईने लेकीच्या लग्नात मला रुखवतात दिलं.

माझं काम एकच, रागू शिजवायचा. रागू म्हणजे लासान्याच्या थरांमध्ये भरायचा खिम्याचा दाट रस्सा. आठवडाभर मी फळीवर पालथी पडून असे, रविवारी मात्र माझा मान असे. आधी डुकराची चरबी, तिच्यात मोहरीएवढा बारीक चिरलेला कांदा, गाजर आणि सेलरी. मग सुरीने बारीक कापलेला बैलाचा आणि डुकराचा खिमा. वाइन ओतायची, ती आटू द्यायची, टोमॅटो नावापुरता. त्यानंतर चार तास मी मंद आचेवर पुटपुटत बसे आणि अगदी शेवटी दूध. इतक्या साध्या जिनसांतून ते एवढं मोठं काय तयार होतं, याचं मला आजही नवल वाटतं. तो माझ्याच पोटात शिजतो, तरी मला ते कळलेलं नाही.

दिर्चेच्या घरात एक नियम होता. ताटं वाढेपर्यंत रागू चाखायचा तो फक्त तिने. त्या मुलखात ज्या बाईच्या हाती रागूचा चमचा, तिचंच घरात चालतं. दिर्चेने तो चमचा तीस वर्षं सोडला नव्हता. नवऱ्यामागे शेत सांभाळलं, लढाईचे दिवस काढले, मुलगा एर्मेस मोठा केला आणि नाकावर माशी बसू दिली नाही.

एर्मेसने लग्न केलं ते कोमाक्योच्या लोरियानाशी. तिकडे खाडीकाठी लोक वाम मासे खाऊन वाढतात. दिर्चे तिला सुरी द्यायची, भाजी चिरू द्यायची; चमचा मात्र नाही.

"वाम सोलणाऱ्यांना रागूतलं काय कळणार," ती म्हणायची.

"नाही कळत, आई. म्हणून तर बघत उभी राहते," लोरियाना म्हणायची आणि चिरत राहायची.

एका वर्षी सप्टेंबरात दिर्चेला ताप आला. ताप गेला, पण जाताना तिची वासाची आणि चवीची जाण घेऊन गेला. हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. मला कळलं, कारण एकदा कांदा माझ्या कडेला करपू लागला, धूर तिच्या तोंडासमोरून गेला, तरी ती शांतपणे पीठ मळत होती. करपण्याचा आवाज बदलला तेव्हा ती दचकून धावली. मग तिने मला चुलीवरून उतरवलं आणि बराच वेळ हात पदरात धरावेत तसे एप्रनमध्ये गुंडाळून उभी राहिली. चमचा गेला तर घरात आपण कोण, हा विचार तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

मित्रांनो, त्यानंतर तिने जे केलं ते पाहून मी थक्क झाले. ती कानाने शिजवू लागली. कांद्यातलं पाणी संपलं की चरचर बारीक होते, मांसाने रंग धरला की तडतड सुरू होते, वाइन आटली की फसफस थांबते. हे सगळे आवाज माझेच, पण त्यांचा अर्थ मला तिने शिकवला. ती वाकून माझ्या तोंडाशी कान आणायची, चमचा ओठांना लावल्यासारखं करायची आणि मान डोलवायची. नऊ रविवार कुणालाही संशय आला नाही.

मग नोव्हेंबरातला सान मार्तिनोचा सण आला. जेवायला चौदा माणसं, त्यात दिर्चेची बहीण झाइरा. एकाच घासात दहा चुका काढण्यात झाइराचा हात कुणी धरत नसे. दिर्चे पहाटेपासून माझ्यापाशी होती. सगळं जमलं होतं, फक्त दूध राहिलं होतं. तिने कपाटातून दुधाचं भांडं काढलं. ते कालचं होतं आणि आंबलं होतं. दिसायला पांढरंशुभ्र, त्यामुळे ते नाकाखेरीज कुणाला कळलं नसतं. चार तासांची मेहनत आणि चौदा माणसांचं जेवण आता मातीत जाणार, आणि मला तर ओरडताही येत नव्हतं.

लोरियाना शेजारी लासान्यासाठी पालक घातलेली हिरवी पोळी लाटत होती. आंबट वास येताच तिने मान वर केली. एक क्षण ती सासूकडे बघत राहिली.

"आई, द्या इकडे. थंड आहे ते, हंडी तडकेल. मी कोमट करून आणते."

भांडं घेऊन ती अंगणात गेली. थोड्या वेळाने गोठ्यातलं ताजं दूध घेऊन आली आणि ते सासूच्या हातात दिलं. दिर्चेने दूध ओतलं, पण तिचे कान अंगणाकडे लागले होते. तिकडे डुक्कर आनंदाने घुरघुरत होतं.

"ते एवढं का खूश झालंय गं?"

"कोंडा टाकला त्याला."

"कोंड्याला ते असं करत नाही."

लोरियानाने पोळीवरचं पीठ झटकलं. "नाही करत," ती हळूच म्हणाली.

तेवढ्यात बाहेर गाडीचं दार वाजलं आणि झाइराचा आवाज अंगणात आला. लोरियाना म्हणाली, "कुणाला काही कळायचं नाही, आई. चमचा तुमच्याच हाती राहू दे."

दिर्चेने चमचा बुडवला, दोनदा फुंकर घातली आणि तो लोरियानापुढे धरला.

"चाख. दोन महिने झाले, मला काही कळत नाही."

लोरियानाने चाखलं. "छान झालाय."

"छान तर झाइरासुद्धा म्हणेल तोंडदेखलं. मला नीट सांग. पहिल्यांदा काय लागतं?"

लोरियानाने डोळे मिटले आणि पुन्हा चाखलं. "पहिल्यांदा गोड. गाजराचं गोड, अगदी थोडं. मग मांस येतं, ते जिभेवर विरघळतं. वाइन मागे राहते, घशापाशी. आणि दूध सगळ्यांना धरून ठेवतं. मीठ चिमूटभर कमी आहे."

"घाल मग," दिर्चे म्हणाली. खुर्ची ओढून ती माझ्यापाशी बसली. "आणि परत सांग. सावकाश. गाजरापासून."

मित्रांनो, तारेच्या घासणीने मला घासू नका, एवढं एक मागणं माझ्यासाठी. दुसरं मागणं त्यांच्यासाठी आहे, जे तुमच्या घरी रोज चुलीपाशी उभे असतात. नुसतं 'छान' म्हणून ताटावरून उठू नका. त्यांना नीट सांगा, काय काय लागलं ते.