बासष्ट बांध्या आणि एक मिनिट

मित्रांनो, माझ्या घड्याळात अजून दोन हजार साल चालू आहे. यावरूनच माझी दशा ओळखा. मी तळहातावर मावणारा एक म्हातारा संगणक आहे आणि माझीच जीवनकथा मला दुसऱ्यांच्या तोंडून ऐकावी लागली. कारण माझी स्मृती पुसली गेली. चोराने पुसली असती तर मी काही बोललो नसतो. माझ्यावर जीव टाकणाऱ्या माणसाने पुसली!

त्यांचे नाव हिरालाल. वरठीच्या कारखान्यात होते, आता निवृत्त आहेत. मोबाईल घरोघरी पोचण्याआधी त्यांनी मला नागपूरहून आणले. खिशात संगणक घेऊन मिरवणारे तेव्हा भंडाऱ्याकडे त्यांच्या ओळखीत दोघेच होते. एक हे आणि दुसरे कापड दुकानवाले भोजराज. दर रविवारी दोघे वरठी स्टेशनबाहेर चहाच्या टपरीवर भेटत, आम्हा दोन यंत्रांची डोकी समोरासमोर धरत आणि न दिसणाऱ्या किरणांनी आपापला पत्ता एकमेकांना पाठवत. दोघांना एकमेकांचे घर पाठ होते! माझ्या पोटात म्हणे भोजराजांचा एकच पत्ता एकेचाळीस वेळा साठला होता.

माझ्या काचेवर काडीने लिहायचे, तेही इंग्रजी अक्षरांत आणि माझ्याच वळणाने. ‘ए’ काढायचा तो मधली आडवी रेघ न देता. हिरालालांना त्याची इतकी सवय लागली की बँकेच्या फॉर्मवरही ते तसाच ‘ए’ काढत, आणि फॉर्म परत आला की वर अभिमानाने हसत. अशा माणसापुढे डोके कुठे आपटायचे?

एक मोठे काम मात्र माझ्या हातून झाले. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात हिरालालांचे गाव जाणार हे नक्की झाले, तेव्हा त्यांची माय मंगलाबाई त्यांना घेऊन धुऱ्याधुऱ्याने, म्हणजे शेतांच्या बांधाबांधाने, फिरल्या. धानाच्या शेतातला बांध घातलेला एकेक तुकडा म्हणजे बांधी, आणि त्यांच्या शिवारात प्रत्येक बांधीला नाव होते. चिचेची, वाकडी, रडकी, नवरदेवाची. माय नाव सांगे, लेक माझ्यात उतरवी. अशा बासष्ट बांध्या. मग गावातले लोक चहूकडे पांगले, शिवार पाण्याखाली गेले, आणि ती सगळी नावे माझ्यात आणि मंगलाबाईंच्या डोक्यात तेवढी राहिली.

पुढे मोबाईल आले आणि मी कपाटात गेलो. तरी हिरालालांनी मला मरू दिले नाही. माझी स्मृती दोन बारक्या सेलवर टिकते. ते काढले की मी मिनिटभर दम धरतो, मग सारे साफ. म्हणून दर पौर्णिमेला, घरात बुद्धवंदना झाली की, ते श्वास रोखून सेल बदलत. एवढी काळजी! पण मुलगी तृप्ती म्हणे, “बाबा, नावं वहीत लिवून ठेवा ना.” तर हे म्हणत, “कागदाले वाळवी लागते. मशीनमंदी हाय ना सारं!” शेवटी तिने माझ्या काचेवरच्या नावांचे मोबाईलने फोटो काढायचा हट्ट धरला, तेव्हा कुठे गेल्या पौर्णिमेचा मुहूर्त ठरला.

त्या सकाळी भोजराजही आले, आणि येताना आपले वर्षानुवर्षे बंद पडलेले यंत्र घेऊन आले. हिरालालांनी माझ्यात नवे सेल घातले. तृप्ती मोबाईल आणायला आत गेली.

भोजराज म्हणाले, “हिरालालभाऊ, तुमचे सेल एक मिनिट द्या ना. माझा चालू होते का पाहू.”

आणि मित्रांनो, वीस वर्षे श्वास रोखणाऱ्या त्या माणसाने स्वतःच्या हाताने माझे दोन्ही सेल काढून दिले! भोजराजांचे यंत्र किणकिणले. दोघे लहान पोरांसारखे ओरडले.

“अरे, चालू झाला नं भाऊ!”

“काडी कुठं हाय? लिवून पाहा, लिवून पाहा!”

तृप्ती परत आली. माझे उघडे पोट पाहून तिने विचारले, “बाबा, याचे सेल कुठं हायेत?”

हिरालालांनी भोजराजांचे यंत्र ओढून घेतले. सेल परत घातले, पण मी कोरा झालो होतो, घड्याळही मागे दोन हजार सालावर गेले होते. हिरालाल मायच्या खाटेशी जाऊन उभे राहिले. “माय, बांध्यायची नावं गेली वं.”

“गेली म्हंजे? मी मेली का?” मंगलाबाई कडाडल्या. “वीस वर्सं झाले, मले एक डाव तरी कोनी इचारलं? नुसते त्या डब्बीचे सेल बदलून राहिला तू! लिव तृप्ती. आंब्याकडून चालत येतो मी.”

त्यांनी डोळे मिटले आणि बोटाने हवेत धुरा धरला. तृप्ती वहीत लिहू लागली. चौपन्न नावे आली. बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, खालच्या अंगाला बोट थांबले ते थांबलेच. “पाच वर्सांआधी इचारतास तं सांगतली असती रे,” त्या हळूच म्हणाल्या. हिरालाल तोंड फिरवून रडले. वहीत आठ ओळी कोऱ्या आहेत.

परवा पुन्हा पौर्णिमा झाली. हिरालाल सवयीने नवे सेल घेऊन कपाटापाशी आले, मला हातात घेतले आणि तसेच परत ठेवले. मग खाटेवर मायजवळ बसले. “माय, बोडीच्या खाली पहिली कोनती होती वं?”

“थांब, आठवून राहिली.”

अजून आठवलेले नाही. तेव्हा मित्रांनो, आमच्यासारख्या यंत्रांना जपा, पण आमच्या भरवशावर घरच्या माणसांना विचारायचे सोडू नका. माझे सेल उतरत आले आहेत. उतरू द्या, माझ्यात आता हरवण्यासारखे काही नाही. तुमच्या घरातल्या त्या खाटेपाशी जा, आणि आजच विचारा.