रांगेसरांची पिशवी

मित्रांनो, मी एक जुनी खाकी पिशवी आहे. माझी चेन मध्येच अडते आणि एक बंद दुसऱ्यापेक्षा लांब आहे. तरीही माझं नीट ऐका, कारण विमानाच्या पोटात मी जो काळोख पाहिला, तो मला अजून विसरता येत नाही.

शाळेसमोरच्या शिंप्याने तंबूच्या उरलेल्या कापडातून मला शिवलं. शिंपी तिरसट होता, पण शिवण पक्की. शाळेतल्या एका सरांनी मला विकत घेतलं आणि माझ्यात खडू, डस्टर आणि शिट्टी भरली. हे सर रांगेचे भलते वेडे. पाणी प्यायला रांग, वर्गात शिरायला रांग, घरी जातानाही रांग. मध्ये कुणी घुसला, मग तो मुख्याध्यापकांचा मुलगा का असेना, शिट्टी वाजायची आणि स्वारी मुकाट शेवटी जाऊन उभी राहायची. मुलं त्यांना पाठीमागे 'रांगेसर' म्हणत. सरांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

सर निवृत्त झाले तोवर दम्याने त्यांना गाठलं होतं. माझ्यातले खडू गेले आणि औषधं आली. छाती आवळली की तोंडात धरून दाबायचा निळा पंप मात्र बाहेर जाताना नेहमी सरांच्या शर्टाच्या खिशात असायचा. काकू, म्हणजे सरांची बायको, दारातून निघताना तो खिसा चाचपून बघायच्या.

मग परगावी लेकीला मुलगी झाली आणि दोघं नातीला बघायला विमानाने निघाले. विमानतळावरच्या तपासणीत खिसे रिकामे करायला सांगितले. सरांनी पंप माझ्या बाहेरच्या कप्प्यात टाकला. मागचा माणूस घाई करत होता, म्हणून सर ट्रेमधली चष्म्याची डबी तेवढी खिशात टाकून चटकन बाजूला झाले. पंप माझ्यातच राहिला. मला ते कळलं होतं, पण सांगणार कशी?

लेकीने तिकीट काढतानाच सरांच्या आजाराची नोंद केली होती. गेटवरची मुलगी आधी त्यांच्याकडेच आली आणि म्हणाली की आजारी माणसांना आम्ही सर्वांत आधी आत सोडतो, चला.

"अहो, उठा ना. आपल्यालाच बोलावतायत," काकू म्हणाल्या.

"धडधाकट दिसणारा माणूस पुढे घुसला तर लोक काय म्हणतील? आयुष्यभर पोरांना शेवटी उभं केलं मी. आपण रांगेतूनच जायचं."

काकूंनी परत सांगून पाहिलं, मग कपाळाला हात लावला. सर रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. मी त्यांच्या खांद्यावर होते. त्यांच्या छातीत बारीक शिट्टी वाजू लागली होती. ती माझ्याखेरीज कुणालाच ऐकू गेली नाही.

विमानात शिरेपर्यंत डोक्यावरचे सगळे कप्पे भरले होते. काकू पुढे जागा शोधत गेल्या होत्या. एका कर्मचाऱ्याने सरांना थांबवलं. पिशवी खाली सामानात टाकावी लागेल, आत औषधं तर नाहीत ना, असं त्याने विचारलं. सरांनी मागे पाहिलं. माणसं खोळंबली होती. आपल्यामुळे रांग अडावी यासारखं दुसरं पाप सरांना ठाऊक नव्हतं. त्यांनी घाईघाईने खिसा चाचपला. हाताला काहीतरी कडक लागलं. ती चष्म्याची डबी होती.

"लागेल ते खिशात आहे. घ्या," ते म्हणाले.

मला खाली नेऊन फेकलं. दार बंद झालं आणि किर्र काळोख झाला. विमान वर चढत गेलं तसा गारठा वाढला. माझ्या कप्प्यात पंप गार पडत होता. वर काय चाललं असेल? मी कान देऊन ऐकत होते, पण त्या घरघरीत काहीच ऐकू येत नव्हतं. मी फार घाबरले होते.

विमान उतरल्यावर मी सामानाच्या पट्ट्यावर आले. प्रत्येक फेरीत मी सरांचे हात शोधत होते. एकेक करून सगळ्या बॅगा गेल्या आणि मी एकटीच फिरत राहिले. मग काकू धावत आल्या. त्यांच्या एका पायात चप्पल नव्हती. त्यांनी मला उचललंसुद्धा नाही. चालत्या पट्ट्याबरोबर धावत त्यांनी माझा कप्पा उघडला, पंप काढला आणि तशाच पळाल्या. मी उघडीच फिरत राहिले.

नंतर मला घ्यायला आलेल्या जावयाच्या बोलण्यातून सगळं कळलं. वर सरांचे ओठ निळे पडले होते. प्राणवायूच्या नळीवर त्यांना कसंबसं खाली आणलं. काकू पंप घेऊन पोचल्या तेव्हा रुग्णवाहिका निघून गेली होती.

सर वाचले, पण त्यांचा तो दणदणीत आवाज गेला तो गेलाच. नातीला त्यांनी बसूनच कुशीत घेतलं.

परतीच्या दिवशी मी सरांच्या मांडीवर होते. गेटवर आजारी प्रवाशांना पुकारलं. या वेळी काकूंनी नुसतं सरांकडे पाहिलं. सरांनी वर्गातल्या मुलासारखा हात वर केला.

"हजर," ते हळूच म्हणाले.

मित्रांनो, तुमच्या घरात असं कुणी असेल, तर त्यांची पिशवी हातची सोडू नका. आणि तुम्ही रांगेत असताना एखादा धडधाकट दिसणारा माणूस पुढे गेला, तर त्याच्याकडे डोळे वटारू नका. त्याच्या छातीतली शिट्टी तुम्हाला ऐकू येत नसते.