आत किती

“शून्य,” ताई फोनवर म्हणाल्या. “आत कोणी नाही साहेब. सगळे बाहेर आले.”

“नक्की ना?”

“आकडा डोळ्यांसमोर आहे. शून्य.”

पलीकडे साहेबांनी सुटकेचा श्वास टाकला, तो फोनमधूनही ऐकू आला. दोन दिवस शहराचे नळ कोरडे होते. धरणाकडून येणारी मोठी पाइपलाइन जोडांपाशी गळत होती. माणूस जरा वाकून आत चालू शकेल एवढा तो पाइप. तो रिकामा करून आतून डागडुजी चालली होती आणि आज संध्याकाळी पाणी सोडायचं ठरलं होतं. टाकीत तळाचंच पाणी उरलंय म्हणून मोठ्या दवाखान्यातून दुपारपासून फोनावर फोन येत होते.

“मामांना सांगतो चाक फिरवायला,” साहेब म्हणाले. “मी दवाखान्यातून निघतोच. तुम्ही ती शीट पाठवा आणि घरी जा. सासूबाई सापडल्या का?”

“सापडल्या. ह्यांनी आणलं घरी.”

चढावरच्या व्हॉल्व्हघरातून भोंगा वाजला. पाइपाच्या तोंडाशी पहारेकरी लोखंडी झाकणाचे बोल्ट आवळत होता. टोळ्यांची माणसं हातपाय धुऊन, हेल्मेटं पालथी टाकून त्यांवरच बसली होती. दोन दिवस वाकून वाकून पाठी धरलेल्या. वेल्डरांचा मुकादम म्हणाला, “आता आठ दिवस मी बायकोसमोरसुद्धा वाकणार नाही!” आणि सगळे हसले.

पत्र्याच्या शेडखाली ताईंचं टेबल होतं आणि टेबलावर लॅपटॉप. काम सोपं. माणसं आत शिरताना पहारेकरी डोकी मोजून ओरडायचा, “वेल्डर, आत पाच!” बाहेर येताना, “सफाई, बाहेर तीन!” ताई ते टिपायच्या. वेळ, टोळी, आत, बाहेर. नावं ज्याच्या त्याच्या मुकादमाकडे; ताईंकडे नुसती डोकी. शेवटच्या रकान्याला त्यांनीच नाव दिलं होतं: ‘आत किती’. प्रत्येक ओळीला त्या क्षणी पाइपात असलेली माणसं.

हा रकाना त्यांना मुलीने शिकवला होता, दूरच्या गावाहून, फोनवर. “वरच्या ओळीची बेरीज घे, आत गेलेले मिळव, बाहेर आलेले वजा कर आणि ओढ खाली. आणि आई, मधली एक ओळ बदललीस ना, की खालच्या सगळ्या आपोआप बदलतात बघ.” ताईंना ते फार आवडलं होतं. नाहीतर माणसं! वरच्याचं चुकलं की खालचे सगळे म्हणणार, आमचा काय संबंध?

त्याआधी उभी हयात भांडारात गेली होती. नट, वॉशर, पाइपांचे तुकडे. आले किती, गेले किती. वर्षअखेरीला आकडा जुळला की वरचे साहेब खूश. ताई मात्र म्हणायच्या, “शेवटचा आकडा काय, कोणीही जुळवतो. मधले सांगा.” भांडारातली पोरं पाठीमागे त्यांना ‘मधलं सांगा’ म्हणूनच ओळखायची. देवाच्या दारी म्हणे प्रत्येकाचा हिशेब होतो. त्याबद्दल ताईंना शंका नव्हती. शंका एवढीच, की तो शेवटचा आकडा बघून मोकळा होतो की मधलेही वाचतो? वाचत असेल. मायेने बघणारा मधलंच वाचतो.

शीट पाठवण्याआधी सवयीने त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं आणि वरून खाली नेऊ लागल्या. सकाळ. पाच, आठ, चौदा. मग जेवणाची सुट्टी, जेव्हा सगळे बाहेर येतात. दहा, सहा, दोन.

उणे एक.

बोट तिथेच थांबलं.

जेवणाच्या सुट्टीला त्या शेडखाली असून नव्हत्या. त्याच वेळी घरून फोन आला होता. “अगं, आई कुठे दिसत नाही. बाबांच्या चपलाही नाहीत,” नवरा धापा टाकत सांगत होता. “शेजारचे म्हणतात, त्या हातात घेऊन रस्त्याने गेली. म्हणाली, ते अनवाणीच गेलेत, ऊन लागेल पायांना.” सासरे जाऊन सहा वर्षं झाली होती. ताई एका कानाने ते ऐकत होत्या, दुसऱ्याने पहारेकऱ्याची हाक, आणि हात आकडे टिपत होते. हातांनी बरोबर टिपलं होतं. डोळ्यांनी बघितलं नव्हतं.

“दादा!” त्यांनी पहारेकऱ्याला हाक मारली. “ते बोल्ट राहू द्या. इकडे या.”

“काय झालं?”

“जेवणाच्या वेळी उणे एक आहे.”

“मायनस?” तो हसला. “पाइपात मायनस माणूस? भूत असेल ताई.” मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघून त्याचं हसू गेलं. “पण आत्ता शून्यच आहे ना?”

“तेच तर वाईट आहे.”

ताई उठल्या त्या चढाकडे निघाल्याच. फोन कानाला, पण साहेबांचा लागत नव्हता. गुडघे दुखतात, हे अर्ध्या चढावर त्यांच्या लक्षात आलं.

पाणी एकदम सोडायचं नसतं. सोडलं तर पाइप फुटतो. व्हॉल्व्हघरात मामा चाकाला एक फेरा द्यायचे, थांबायचे, पाइपाला कान लावायचे, मग पुढचा फेरा. ताई दारात पोचल्या तेव्हा त्यांचा कान पाइपालाच होता.

“मामा, थांबा.”

“साहेबांनी सांगितलंय, ताई.”

“मी शून्य सांगितलं म्हणून साहेबांनी सांगितलं. ते शून्य मी परत घेते.”

मामांनी आयुष्यात पुष्कळ काही परत घेतलेलं बघितलं होतं. सांगितलेला आकडा परत घेणारं कोणी बघितलं नव्हतं. त्यांनी चाकावरचा हात काढला नाही, पण फिरवलंही नाही. “साहेबांशी बोला. तोवर मी धरून ठेवतो.”

साहेबांनी फोन उचलला. मागे गाडीचा आवाज होता.

“ताई, आता काय? दवाखान्यात शस्त्रक्रिया थांबवल्यात. मी शब्द देऊन आलोय त्यांना.”

“साहेब, जेवायला सगळे बाहेर आले तेव्हा आत शून्य हवं होतं. शीटमध्ये उणे एक आहे. म्हणजे सकाळी कोणीतरी नोंद न होता आत गेलं, आणि जेवायला बाहेर येताना मोजलं गेलं.”

“मग? ज्याचा शेवट गोड ते सारं गोड. आत्ता शून्य आहे ना?”

“ती चूक तिथेच आहे, साहेब. पुसली नाही कोणी. आत्ता सगळे बाहेर आले असते तर आत्ताही उणे एकच दिसलं असतं. शून्य दिसतंय.”

 मग साहेब हळू आवाजात म्हणाले, “म्हणजे एक जण…”

“आत असेल.”

“मुकादमांना विचारलंत?”

खालून पहारेकरी हातवारे करत ओरडत होता, “ताई! तिन्ही मुकादम म्हणतात, आमची माणसं पुरी! नावानिशी!”

 पुरी. नावानिशी. मग पहारेकरी जेवणाच्या वेळी एक जास्त ओरडला असेल. आणि संध्याकाळी एक कमी. होतं की असं. तिकडे दवाखान्यात खाटांवर माणसं पडली होती, आणि इथे एक बाई रकान्यात बोट घालून बसली होती.

“ताई, खात्री आहे?” साहेबांनी विचारलं.

“नाही,” ताई म्हणाल्या.  “आम्ही दोनदा चुकलो असू तर आत कोणी नाही. एकदाच चुकलो असू तर एक जण आहे. मला आज एकदाच चुकल्यासारखं वाटतंय, साहेब.”

ताईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“एक सांगा. सकाळी मी टेबल मांडायच्या आधी तुम्ही इथे होतात. कोणाला आत सोडलंत?”

“मी? नाही. मी फक्त त्या…” फोनमध्ये ब्रेकचा आवाज आला. “अरे देवा. रंगवाला.”

जोडांवर आतून लावलेला रंग तपासायला बाहेरून एक जण आला होता, एका दिवसापुरता. वयस्कर, चष्म्याचा, जाडा, कोणाच्याही टोळीतला नव्हे. साहेबांनीच त्याला तोंडाशी आणून सोडलं होतं. मोजणारे मोजायला लागायच्या आत तो आत गेला. जेवायला सफाईवाल्यांच्या मागून बाहेर आला, त्यांच्यातच मोजला गेला. सुट्टीनंतर पुन्हा आत शिरताना तसाच मोजला गेला. संध्याकाळी त्याची वाट बघायला कोणी मुकादम नव्हता.

“मामांना द्या फोन,” साहेब ओरडले.

द्यावा लागला नाही. मामांनी ऐकलं होतं. चाक उलटं फिरू लागलं होतं, आणि या वेळी ते मध्ये कुठेही थांबले नाहीत.

झाकण उघडलं तेव्हा तळाशी घोट्याएवढं पाणी वाहत होतं. वेल्डरांचा मुकादम टॉर्च घेऊन पुढे झाला, मागे पहारेकरी.

“थांबा,” ताई टेबलाशी पोचत म्हणाल्या. “आत दोन.”

“ताई, आता कसली नोंद!”

“आताच तर.”

त्यांनी टिपलं. आत दोन. पडद्यावर दोन उमटलं आणि दोन पाठी अंधारात दिसेनाशा झाल्या.

मग नुसतं थांबणं उरलं. बसलेले सगळे केव्हाच उभे राहिले होते. कोणी विडी काढली आणि न पेटवताच खिशात ठेवली. पाइपातून आवाज येत होता, पण तो पाण्याचा, माणसांचा की नुसत्या पोकळीचा, ते कळत नव्हतं. पाइप आवाज गिळतो. ताईंनी देवाचं नाव घ्यायचा प्रयत्न केला, आणि तोंडात पुन्हा पुन्हा एकच येत राहिलं, ‘देवा, मी चुकलेली असू दे. आत कोणी नसू दे. मला हसू दे सगळ्यांना.’

दवाखान्यातून फोन आला. तो सफाईच्या मुकादमाने उचलला आणि म्हणाला, “सोडतोय साहेब. एक माणूस बाहेर काढतो आणि सोडतो.” कोणी त्याला तसं सांगायला सांगितलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने टॉर्चचा ठिपका दिसला. मग तो हलू लागला. मग त्याच्यामागे तीन माणसं दिसली, मधला दोघांच्या खांद्यांवर लोंबकळत.

रंगवाल्याचा पाय मुरगळला होता. वळणाच्या पलीकडे घसरला, चष्मा फुटला, टॉर्च कुठे घरंगळली ते कळलं नाही. ओरडला पुष्कळ. मग म्हणाला, येतील कोणीतरी, आणि भिंतीला टेकून बसला. गुडघ्यापर्यंत भिजलेला तो हेल्मेटावर बसला, सगळ्यांकडे मिचमिच्या डोळ्यांनी बघत.

“मला आपलं असं वाटलं,” तो संकोचून म्हणाला, “की पाणी सोडलं.”

वेल्डरांच्या मुकादमाने टॉर्च बंद केली.

“माझा डबा आतच राहिला.”

“राहू द्या काका,” पहारेकरी म्हणाला.  “येईल उद्या कोणाच्या तरी नळातून.”

त्यावर जो हशा पिकला, त्यात दोघेतिघे तोंड फिरवून डोळे पुसत होते.

“बाहेर तीन, दादा?” ताईंनी विचारलं.

“बाहेर तीन!” तो मोठ्याने ओरडला, पाइपाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

ताईंनी टिपलं. उणे एक. या वेळी तो आकडा त्यांनी नीट बघितला. मग अगदी वर जाऊन, पहिल्या ओळीच्याही आधी, एक ओळ घातली. रंगवाला, आत एक. आणि शेऱ्यात लिहिलं, ‘नोंद सकाळी राहिली. दुपारी उणे आकडा दिसूनही मी पाहिला नाही.’

एंटर दाबलं, आणि रकाना वरपासून खालपर्यंत हलला. जेवणाच्या सुट्टीला शून्य झालं. तळाला शून्य झालं. आणि त्याच्या जरा वर, जिथे त्यांनी फोनवर ‘सगळे बाहेर’ म्हणून सांगितलं होतं, त्या ओळीत एक उमटलं.

साहेब केव्हा येऊन मागे उभे राहिले, ते त्यांना कळलं नाही.

“शून्य आहे, साहेब,” त्या न वळता म्हणाल्या. “आता मामांना सांगा.”

भोंगा पुन्हा वाजला. साहेब अजून पडद्याकडेच बघत होते. “हा एक… ही शीट वर जाणार, ताई. तुमच्यावर शेकेल.”

“राहू दे. होता तो तिथे.”

साहेबांनी मान हलवली. मग वाकून, एकेका बोटाने, शेऱ्याच्या पुढे स्वतःच टाइप केलं, ‘मी त्याला नोंदीशिवाय आत सोडलं.’ आणि खाली आपलं पद लिहिलं.

ताई घरी पोचल्या तेव्हा नळ सूं सूं करून हवा टाकत होता. नवरा बादली लावून उभा होता. “येईल आता,” तो म्हणाला. “उशीर केला त्यांनी.”

“हो. झाला थोडा.”

दाराशी चपलांची रांग होती. नवऱ्याचा जोड, सासूबाईंचा, आत्ता काढलेला त्यांचा स्वतःचा. आणि पलीकडे सासऱ्यांचा, जुना, चामड्याचा. घरात माणसं तीन, दाराशी जोड चार. सहा वर्षं असंच चाललं होतं. दुपारी सासूबाईंनी तो जोड उराशी धरून कितीतरी लांब नेला होता. परत येताना कुठेतरी खाली ठेवला असावा, कारण तळांना रस्त्याची धूळ लागली होती.

आतल्या खोलीतून रोजचा प्रश्न आला. “सगळे आले का गं?”

“आले, आई.”

“आणि हे?”

ताई खाली बसल्या. पदराच्या टोकाने त्यांनी तळांची धूळ पुसली, आधी एकाची, मग दुसऱ्याची. जोड रांगेत नीट लावला, टाचा भिंतीकडे, निघायला सोपा पडेल असा.

“आले,” त्या म्हणाल्या, आणि दाराला कडी लावली.