दहा आकड्यांचं गोंदण

वलगावच्या खुशालरावनं झेंडू-शेवंती पिकवण्यात जिंदगी घातली, पण बायकोच्या हातावर आपला फोन नंबर गोंदून घ्यायची पाळी येईन, असं त्याले कधी वाटलं नोतं.

गंगूबाईले इसर पडायचा रोग लागला होता. दिवाळीच्या आधी ती घरून निंगाली अन् दोन दिवसांनी अकोल्याच्या स्टँडवर सापडली. गळ्यात नंबरची चिठ्ठी बांधली, तर फेकली. नंबर कोरलेलं कडं घातलं, तर कोण्या पोरीले देऊन टाकलं. शेवटी एका सकाळी डोस्कं ठिकाणावर असताना तीच म्हणे, "अवो, गोंदूनच टाका ना. चामडी काई कोणाले देता येत नाई मले."

डॉक्टरनं हो म्हटलं, तवा दोघं अमरावतीले टॅटूच्या दुकानात आले. टॅटू काढणारी प्राजक्ता म्हणून पोरगी होती.

"काका, काकूंनी खाल्लं ना? उपाशी पोटी चक्कर येते."

"दोन भाकरी खाल्ल्या बाप्पा. वरून केळं."

तिनं मनगटावर बधिर करायचं मलम लावलं, वरून प्लास्टिक गुंडाळलं. खुशालराव जरा पाणी प्याले उठला, तेवढ्यात गंगूबाईनं प्लास्टिक काढून मलम पदरानं पुसलं. "चिकट लागून राह्यलं होतं," म्हणे.

"थोडं तरी भिनलं असंल," प्राजक्ता म्हणाली. "करून पाहू. दुखलं तर थांबू."

मशीन घुरघुरली. तीन आकडे झाले. चौथ्याले गंगूबाईनं झटक्यानं हात ओढला.

"सोड मले! अन् हा कोण माणूस बसून राह्यला इथं?"

प्राजक्तानं मशीन बंद केली. "काका, जबरदस्तीनं मी नाही करणार."

खुशालरावले बी जबरदस्ती नोती करायची. पण तीन आकड्यांवर कोणाले फोन लागते? उद्या पुन्हा निंगाली, तर अकोल्यासारखी सापडनच, असं कोण सांगन?

गंगूबाई दुसऱ्या हातावरची जुनी, हिरवी तुळस कुरवाळत होती. "हे बहिरमच्या जत्रेत गोंदलं. मामानं धरलं होतं मले."

हे त्यानं शंभरदा आयकलं होतं. गोंदणारी बाई सासरच्या गोष्टी इचारून पोरीचं ध्यान दुखण्यावरून काढे, अन् मामा मांडीवर घट्ट धरून बसे.

"मंग आता बी धरतो," तो म्हणाला.

तिनं निरखून पाह्यलं. "मामा?"

एक्केचाळीस वर्सं तो तिचा नवरा होता. तो तिच्याजवळ सरकून बसला.

"हो वो पोरी. मामाच."

तिनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं अन् हात पुढं केला. मशीन पुन्हा सुरू झाली.

"कोण्या गावाले देऊ तुले?" खुशालरावनं इचारलं.

"जिथं पाणी दूर नाई."

"अन् नवरा कसा पाह्यजे?"

"मारणारा नको... आई गं! मामा, तू पाह्यला का त्याले?"

"पाह्यला. काळाकुट्ट हाय. बोलते तर खेकसल्यासारखं." प्राजक्ता गालात हसली. खुशालराव नाई हसला. "एकदा हात उचलन तो, पोरी. एकदाच. मंग त्याचीच त्याले लाज वाटत राहीन."

हे तो बायकोसमोर कधी बोलला नोता. एक्केचाळीस वर्सांत नाई.

गंगूबाईची नखं त्याच्या दंडात रुतली. आठवा आकडा चालू होता.

"जीव लावन का पण?"

"लावन. सांगता नाई येणार त्याले. पण लावन."

"मंग दे," ती म्हणाली अन् डोळे मिटून घेतले. शेवटल्या दोन आकड्यांले तिनं हूं का चूं केलं नाई.

प्राजक्तानं रक्त टिपलं, पट्टी लावायच्या आधी हात दाखवला. गंगूबाई आकड्यांकडं पाहत राह्यली.

"हे कोणाचं?"

"त्याचंच. हारपली तर कोणाले बी हे दाखवजो. तो येईन."

"कुठून बी?"

"कुठून बी."

तिनं मान हलवली. मंग त्याचं बोट धरलं, जत्रेतल्या पोरीसारखं, अन् उठली. "चाल मामा. मले त्याच्या घरी घालून दे."