उलट्या काट्याची वजाबाकी

मित्रांनो, माझी काच एका कोपऱ्यात तडकलेली आहे, लाकडी पेटीचा रंग उडाला आहे आणि चामड्याचा पट्टा उंदरांनी कधीच खाल्ला. तेव्हा मला म्हातारा म्हणा, माझी हरकत नाही. मोडका मात्र म्हणू नका. मी वॉटमीटर आहे. मोटार खरोखर किती वीज खाते ते मी सांगतो. खोटं मला येत नाही. शिकवायला बरेच जण आले, तरी आलं नाही.

माझ्या पोटात दोन वेटोळी आहेत. एक जाड तारेचं, जागचं न हलणारं. मोटारीला जाणारा करंट त्यातून जातो. दुसरं बारीक तारेचं, फुलासारखं हलकं. त्याला व्होल्टेज मिळतं आणि माझा काटा त्याच्याच पाठीवर बसलेला असतो. दोघांनी एका बाजूला जोर लावला की काटा पुढं जातो. एकानं इकडं आणि दुसऱ्यानं तिकडं ओढलं की मागं येतो. तुमच्या घरातली वीज एका सेकंदात पन्नास वेळा हेलकावते. प्रत्येक हेलकाव्याला मी काटा नाचवला असता तर वाचलं कुणी असतं? म्हणून त्या सगळ्या ओढाताणीचा मेळ घालून जे खरं काम उरतं, तेवढंच मी दाखवतो.

कारखान्यात ज्या बाईंनी माझी स्प्रिंग बसवली त्यांचा हात इतका सावध होता, की आजही काटा शून्यावर येताना मला त्यांची आठवण होते. आम्ही जुळे होतो. तीन फेजची मोटार मोजायला माझ्यासारखे दोन लागतात, म्हणून आम्हां दोघांना एकाच खोक्यात भरून बारामतीच्या एका कॉलेजात पाठवलं.

तिथले दिवस चांगले होते, पण सगळेच चांगले होते असं म्हणणार नाही. पोरं घरूनच आकडे लिहून आणायची. माझ्याकडे बघायचंसुद्धा नाही आणि वहीत मात्र माझं नाव! व्होल्ट गुणिले अँपिअर केलं की झाला वॉट, असं ठोकून द्यायचे. अरे, तेवढ्यानं भागत असतं तर मला जन्माला कशाला घातलं असतं? एक मुलगी मात्र नाक काचेला लावून वाचायची. काट्याखाली आरसा असतो. काटा आणि त्याचं आरशातलं प्रतिबिंब एकावर एक आलं की मगच आकडा घ्यायचा. ती तसाच घ्यायची. तिचं नाव प्राची.

पुढं आकडे उजळणारी नवी मीटरं आली. आम्हां दोघांना मोडक्या स्टुलांच्या ढिगात टाकलं. माझा जोडीदार एक दिवस भंगाराच्या टेम्पोत गेला. मीही गेलोच असतो. पण प्राची कसल्याशा दाखल्यासाठी कॉलेजात आली होती, तिनं मला ओळखलं. "सर, ह्याला टाकून देणार? मग मला द्या की!" म्हणाली. सरांनी हसून दिलं. तेव्हापासून मी वडगाव निंबाळकरला तिच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात आहे. तांब्याच्या तारेचा आणि व्हार्निशचा वास, समोर चहाची टपरी, दिवसाला एकदोन मोटारी. या वयात आणखी काय पाहिजे?

आता एक गोष्ट सांगतो. अजून वर्ष झालेलं नाही.

उन्हाळ्याचे दिवस होते. त्या आठवड्यात शेताला दिवसाची लाईट होती. कालव्याच्या खालच्या अंगाला काकडी करणाऱ्या रंगूबाई दुकानात आल्या, त्या ओरडतच.

"प्राची, चल उठ! माझी वायर तोडाया निघालेत. काकडी तोडणीला आलीया. दोन दिस पाणी न्हाय मिळालं तर नुसती कडू फळं निघतील!"

"कोण तोडतंय, मावशी?"

"कोण म्हंजी? आपलं भीमाआबा. डीपी माझ्यामुळं जातोय म्हनं."

डीपी म्हणजे खांबाजवळचा ट्रान्सफॉर्मर. चारपाच विहिरींच्या मोटारी त्या एकाच डीपीवर चालायच्या आणि महिनाभर त्याचा फ्यूज रोज उडत होता. भीमाआबा हे त्या सगळ्यांचे म्होरके. सरकारनं नेमलेले नव्हेत. आवाज मोठा, म्हणून झालेले.

प्राचीनं मला पिशवीत घातलं, गाडीवर रंगूबाईंच्या मांडीवर दिलं. विहिरीवर पोचलो तर माणसं जमलेली. आबांच्या हातात पक्कड. त्यांचा पुतण्या अविराज टाँग टेस्टर घेऊन उभा होता. टाँग टेस्टर हा चिमट्यासारखा असतो. तारेला विळखा घालतो आणि अँपिअर सांगतो. बिचारा खोटं बोलत नाही. पण त्याला अर्धंच बोलता येतं.

"ये, वाइंडिंगवाली," आबा म्हणाले, "बघ तुझ्या मावशीचा परताप. आमच्या समद्यांच्या मोटारी सात अँपिअर घेत्यात. हिची दहा!"

अविराजनं मोबाईल पुढं केला. "ताई, मी काढलंय. चारशे व्होल्ट, दहा अँपिअर, तीन फेजचं म्हणून एक पॉइंट सात तीन. गुणलं की एकोणसत्तरशे वॉट. म्हणजे नऊ हॉर्सपॉवरच्या, नऊ घोड्यांच्या वर. पाचची मोटार सांगून यांनी दहाची सोडलीय विहिरीत."

"सोडली असंल तर उतर आत न् बघ!" रंगूबाई कडाडल्या. "पाचचीच हाय. बाजारात तिचं वाइंडिंग भरून घेतलं व्हतं दोन सालाखाली."

"मावशी, थांबा," प्राची म्हणाली. "आबा, पक्कड खाली ठेवा जरा. मोजून बघू, मग तोडा."

"मोजलंय की!"

"करंट मोजलाय. काम कुठं मोजलंय?"

तिनं लाईट बंद करून मला जोडलं. मी एकटाच होतो. जोडीदार असता तर दोन्ही आकडे एकदमच मिळाले असते. आता मला आधी एका फेजवर बसवायचं, वाचायचं, मग तिथून काढून दुसऱ्या फेजवर बसवायचं. मोटार एकसारखी चालत असली की तेही जमतं. मोटार सुरू झाली. ठिबकचा व्हॉल्व्ह अर्धा बंद होता, नेहमी असायचा तसाच. पहिल्या फेजवर माझा काटा तेहेतीसशेवर गेला आणि थांबला.

दुसऱ्या फेजवर जोडलं, आणि मित्रांनो, मी शून्याच्याही मागं गेलो. काटा जाऊन डावीकडच्या खुंटीला टेकला.

एकदम गलका झाला. झुंबरतात्या म्हणून एक म्हातारबाबा होते, ते तर ओरडलेच, "अरं, मीटर उलटं फिरवतीया ही! चोरी हाय चोरी!"

"तरी म्या म्हणत हुतो," आबा म्हणाले आणि त्यांनी पक्कड पुन्हा उचलली.

रंगूबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. "पोरी, तुला आनली कशापायी? काय दावतोय हा तुझा डबा?"

डबा! ऐकून घेतलं. रागानं बोलणाऱ्याला आणि घाबरून बोलणाऱ्याला एकच माप लावू नये.

प्राची शांत होती. "तात्या, हे बिलाचं मीटर न्हाय, उलटं फिरवून चोरी करायला. हे काट्याचं यंत्र हाय. करंट व्होल्टेजच्या लई मागं रेंगाळला की दोनातला एक काटा उलटा जातो. त्याला वाचायची रीत हाय." तिनं लाईट बंद केली, माझ्या बारीक वेटोळ्याच्या दोन तारा एकमेकींच्या जागी लावल्या आणि पुन्हा सुरू केली. आता काटा सरळ गेला. दोनशे.

"तेहेतीसशे न् दोनशे, पस्तीसशे," अविराज पटकन म्हणाला.

"उलटा गेला होता ना तो? मग मिळवतोस कसा?"

अविराज ओशाळला. शिकलेला होता, चटकन समजला. "वजा. एकतीसशे."

"एकतीसशे वॉट. किती घोडं झालं?"

"चार... चाराला थोडं वर."

"म्हणजे पाचच्या आत. मावशींनी दहाची मोटार टाकलेली न्हाय आणि चोरीबी केलेली न्हाय."

झुंबरतात्या खाली बघू लागले. पण आबा सोडणारे नव्हते. आणि प्रश्न त्यांनी बरोबर विचारला, हे मी कबूल करतो. "मग दहा अँपिअर दिसत्यात ते कुठं जात्यात? डीपी का उगंच जळतोय?"

"आबा, तुमची उसाची ट्रॉली भरून कारखान्यावर गेली आणि खाली न करता तशीच भरलेली माघारी आली, तर?"

"कोन येडा असं करंल?"

"वीज करते. मोटारीच्या लोखंडात चुंबक तयार करायला थोडी वीज जाते आणि तशीच माघारी येते. पुन्हा जाते, पुन्हा येते. ऊस किती उतरला?"

"उतरंल कशाचा!"

"पण रस्ता?"

"रस्ता जाम व्हनारच की. येताजाता दोन्ही बाजूनं ट्रॉल्या." एवढं बोलून आबांनी डीपीकडं बघितलं. मग हळूच म्हणाले, "डीपी म्हंजी रस्ता व्हय?"

"व्हय. टाँग टेस्टर रस्त्यावरच्या समद्या ट्रॉल्या मोजतो. हे यंत्र उतरलेला ऊस मोजतं. मावशींच्या मोटारीत बाजारवाल्यानं तारेचे वेढे कमी टाकलेत आणि व्हॉल्व्हबी अर्धा बंद असतो. म्हणून त्यांच्या फुकट फिरणाऱ्या ट्रॉल्या जास्त. ह्यावर इलाज कंडेन्सर. तो मोटारीजवळ बसवला की ट्रॉल्या बांधावरच वळत्यात, डीपीपातूर जातच न्हाईत."

कंडेन्सर हा शब्द निघाला आणि माणसं एकमेकांकडं बघू लागली. त्याचं कारण सांगतो. आपल्याकडं काही लोक तीनातल्या दोनच फेज आलेल्या असतानाही कंडेन्सर लावून तीन फेजची मोटार ढकलतात. त्यानं मोटारी जळतात, डीपी बिघडतो. म्हणून आबांनी महिन्यापूर्वी हुकूम काढला होता: ज्याच्या पेटीत कंडेन्सर दिसेल त्यानं तो तोडून टाकायचा. पण डीपीचा भार हलका करणारा कंडेन्सर वेगळा. नाव एक आणि काम दोन. हुकूम काढणाऱ्यानं एवढंही विचारलं नाही. मोठ्या आवाजाच्या माणसांचं असंच असतं, त्यांना प्रश्न विचारायला सवड नसते.

"माझा व्हता की कंडेन्सर!" रंगूबाई म्हणाल्या. "आबा म्हनले तोडा, म्या त्याच दिशी तोडला. गोठ्यात बादलीत पडलाय. आन् तवापास्नंच डीपी जातोय, व्हय का न्हाय?" मग त्यांनी एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. "तुमी समद्यांनी तोडलं ना?"

कुणाला खोकला आला, कुणाला एकाएकी म्हशीची आठवण झाली.

आबांची विहीर बांधापलीकडंच होती. रंगूबाई पदर खोचून निघाल्या, आबांच्या स्टार्टरच्या पेटीखालचं पोतं ओढलं. खाली चकचकीत कंडेन्सर.

"अगं बया! हा कोन द्येव बसवलाय पोत्याखाली? नवसाचा हाय का काय?"

लोक हसले. आबा लाल झाले. "त्याच्याबिगर वायर गरम व्हती माझी," ते पुटपुटले. म्हणजे उपयोग त्यांना थोडाफार ठाऊक होता. दुसऱ्याला तोडायला लावायचं आणि आपला झाकून ठेवायचा, याला आमच्या भाषेत उलटा काटा म्हणतात.

पण माणूस अगदीच टाकाऊ नव्हता. पुतण्यावर खेकसले, "बघतोस काय? जा, त्या बादलीतला घेऊन ये!" कंडेन्सर आला. प्राचीनं तपासला, चांगला होता. आबांनी स्वतः पेटीवर धरला, प्राचीनं लाईट बंद असल्याची खात्री करून तारा लावल्या. सुरू केलं. माझा काटा दोन्ही फेजांवर सरळ गेला आणि बेरीज आली तीच, एकतीसशे. काम तेवढंच. पण अविराजच्या टाँग टेस्टरवर दहाचे साडेसहा झाले.

"साडेसहा," अविराज मोठ्यानं म्हणाला.

रंगूबाईंनी ऐकलं. "आबा, तुमचं किती व्हतं? सात ना? मग आता जास्त कुनाचं? द्या बरं ती पक्कड हिकडं!"

आबांनी पक्कड दिली. रंगूबाईंनी प्राचीला पुन्हा लाईट बंद करायला लावली, कंडेन्सरचा एक ढिला नट त्या पकडीनं करकचून आवळला आणि पक्कड आबांच्या हातात परत ठेवली.

"वळा आता घरला. मला ठिबक सोडायचंय."

जाताना आबा सगळ्यांना सांगत गेले, की दोन फेजवाला तोडा, मोटारीवाला ठेवा. आवाज तसाच मोठा होता, पण या खेपेला शब्द बरोबर होते. त्यानंतर डीपीचा फ्यूज गेला नाही. रंगूबाईंची काकडी गोड निघाली. प्राचीच्या दुकानात पाटीभर आली होती, मी वासावरून सांगतो.

मित्रांनो, मी सुखात आहे. मला हार नको, कपाटात पूजा नको. मला आपटू नका, ओल्या फरशीवर ठेवू नका, झेपेल त्याहून जास्त करंट माझ्यातून सोडू नका. महिन्यातून एकदा काच पुसा. आणि वापरा मला. न वापरलेल्या यंत्राला गंज चढतो आणि न मोजणाऱ्या माणसाच्या जिभेला धार. एखाद्याचं रीडिंग मोठं दिसलं किंवा काटा उलटा गेला, तर लगेच चोर चोर म्हणून ओरडू नका. लाईट बंद करा, तारा बदला, पुन्हा वाचा, जे वजा करायचं ते वजा करा. मग बोला.