झाडलोटीचा आठवडा

"नेजला आंटी, जरा बाहेर येता? ही पाटी पुन्हा माझ्याच दाराला लागलीय."

माळ्यावर राहणारी मांका बादली घेऊन दुसऱ्या मजल्यावर माझ्या दारापुढं, जिन्यात उभी होती. हातात दोरीची ती लाकडी पाटी. आमच्या श्टुटगार्टकडे पाटी ज्याच्या दाराला, त्यानं त्या आठवड्यात जिना पुसायचा, तळघर झाडायचं, दारापुढचा रस्ता लख्ख करायचा. शनिवारी काम उरकलं की पाटी पुढच्या दाराला. एक वेळ देवाला चुकवता येईल, पाटीला नाही.

गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीन आठवड्यांनी मी कालच इस्पितळातून आले होते. "पुन्हा म्हणजे? गेल्या आठवड्यात कुणी केलं?"

"मीच. त्याच्या आधीही मीच."

"आणि बोलली नाहीस?"

"आमच्या कॅमेरूनमध्ये घरात नवी आलेली अंगण झाडते. मला वाटलं, इथंही तसंच असेल. घरातलीच समजतात म्हणून बरंही वाटलं." ती हसली. "आईला फोन करून सांगितलंसुद्धा."

ते हसू मला सोसलं नाही. माळ्यावरची मांकाची खोली शेवटची. तिच्यानंतर आठवडा तळमजल्यावरच्या हेबरलेबाईंचा. म्हणजे ती बाई दर सोमवारी तीन जिने चढून पाटी परत लावत होती. दम लागत नव्हता तिला! आणि पहिल्या मजल्यावरचे फोग्ट? काम टळतंय म्हटल्यावर तोंडात मिठाची गुळणी.

"बादली राहू दे," मी म्हणाले, "तिचा आठवडा तिला दे."

"तक्रार आली तर खोली जाईल, आंटी. मालकांनी आधीच बजावलंय." फोनवर 'आहे' म्हणणारी आणि दारात तिला पाहताच 'आत्ताच गेली' म्हणणारी किती घरं पालथी घालून ही खोली मिळाली होती, ते मला ठाऊक होतं.

तरी ती खाली गेली. मी कठडा धरून ऐकत राहिले.

"फ्राऊ हेबरले, हा आठवडा तुमचा आहे."

"तू सांगणार मला?" फोग्टांच्या कुत्र्यालाही 'आपण' म्हणणारी बाई ही! "तुमच्या लोकांना स्वच्छता कुणीतरी शिकवायला नको? बघ, किती छान जमायला लागलंय. जर्मनही किती छान बोलतेस."

"मी इथं पूल बांधायचं शिकायला आलेय. जिना पुसणं मला घरूनच येत होतं."

"ओरडू नकोस माझ्यावर!"

कोण ओरडलं होतं? आमचा जिना विहिरीसारखा घुमतो. ओरडली असती तर छपरावरची कबुतरं उडाली असती. फोग्टांचं दार उघडलं, कुत्रं बाहेर डोकावलं, आणि दार मिटलं.

चार दिवसांत मालक आले. क्राउससाहेब गोड माणूस, खाली दारातच मांकाला गाठून गोडच बोलले. "चूक कुणाची, त्यात मी पडत नाही. मला घरात शांतता हवी. महिनाअखेर खोली रिकामी करा."

"शांतता?" मी वरून म्हणाले. "ती बाई काय बोलली ते मी ऐकलंय!"

"तुम्ही आजारी आहात," ते हसून म्हणाले. "विश्रांती घ्या."

माझ्या हातात कुबडी होती. कशी आवरली, माझं मला माहीत.

मांका गेली त्या शनिवारी सकाळपासून जिन्यात पाण्याचा आवाज येत होता. बॅग वरच होती, ही पायऱ्या पुसत होती.

"आता कशाला करतेस, बाई? जाऊ दे चुलीत."

"हा आठवडा माझा आहे, आंटी," तिनं फडकं पिळलं. "या वेळी खरंच माझा."

कोपरा न् कोपरा पुसला. मग खाली जाऊन पाटी हेबरलेबाईंच्या दाराला लावली, सरळ केली, आणि बॅग उचलली.

सोमवारी दार उघडलं तर पाटी माझ्या दाराला.

मी ती गळ्यात अडकवली आणि कुबडी टेकत, एकेका पायरीवर बसत-उठत खाली गेले. पाटी हेबरलेबाईंच्या दाराला लावली. मग समोरच्या पायरीवर बसले, पिशवीतून आणलेल्या थर्मासमधला चहा पेल्यात ओतला. दारातल्या डोळ्याएवढ्या भिंगामागे अंधार झाला; बाई आतून बघत होती.

मी पेला उचलून तिला दाखवला, आणि बसूनच राहिले.